बाबांचा गॅलन आणि लेकीचा गॅलन

या वेळचं पत्र नागपूरच्या प्रतापनगरहून आलं आहे. थोडं कापून देते आहे.

"सप्रेम नमस्कार. माझं वय ६३. लेक ह्यूस्टनला असते. डिसेंबरच्या सुट्टीत ती, जावई आणि चार वर्षांचा नातू महिनाभर राहायला येणार आहेत. नातवाला संत्र्याचा केक आवडतो म्हणून लेकीनं तिकडची कृती पाठवली. मैदा दीड कप, साखर एक कप, लोणी एक स्टिक, अंडी दोन, संत्र्याचा रस चार फ्लुइड औंस, बेकिंग पावडर दीड टीस्पून, ओव्हन ३५० डिग्री. मी आमच्या चहाच्या कपानं मैदा-साखर घेतली. स्टिक म्हणजे काय ते कळेना म्हणून लोण्याचं शंभर ग्रॅमचं अख्खं पाकीट टाकलं. आमच्या ओव्हनवर ३५० चा आकडाच नाही, म्हणून शेवटच्या २५० वर ठेवला. केक फुग्यासारखा वर आला, वरून करपला, मग मधोमध खड्डा पडला अन् खाली तूप सुटलं. लेक म्हणाली, 'आई, तो कप म्हणजे आपला कप नाही गं.' त्यावरून विषय गेला गॅलनवर. आमचे हे म्हणतात, 'गॅलन साडेचार लिटरचाच असते, माझे वडील मोटार स्टँडवर होते, मला नको शिकवू.' लेक म्हणते, पावणेचार लिटरच्या आसपास. दोन आठवडे झाले, व्हिडिओ कॉलवर हेच चालून राहिलं आहे. ती येताना सहा क्वार्टचा इलेक्ट्रिक कुकर आणि नातवाचं तापाचं औषधही आणते म्हणते. शिवाय तिला माझ्या गोळाभाताची कृती कपांत लिहून हवी आहे. मला गणित जमत नाही. हे सगळं लिटर-ग्रॅममध्ये कसं करायचं ते एकदाचं सांगा. — एक आजी"

ताई, आधी गॅलन मिटवू, नाहीतर केकपर्यंत पोचायचोच नाही. भाऊजी बरोबर आहेत आणि लेकही बरोबर आहे. दोघांचं मन राखायला म्हणत नाही, गॅलन खरोखरच दोन आहेत. भाऊजींच्या वडिलांचा तो ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा. लेक ज्यातून दूध आणते तो अमेरिकन, ३.७८५ लिटरचा.

इंग्रजांकडे एकेकाळी वाइनचा गॅलन निराळा, बिअरचा निराळा, धान्याचा निराळा असा कारभार होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी ॲनच्या काळात वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. अमेरिकेतल्या वसाहतींत तोच चालला आणि त्या स्वतंत्र झाल्यावरही तोच राहिला. पुढे १८२४ मध्ये ब्रिटननं कायदा करून जुने सगळे गॅलन मोडीत काढले आणि दहा पौंड पाणी ज्यात मावेल तो गॅलन, असा नवा धरला. तोवर अमेरिका घर सोडून वेगळी निघाली होती, तिनं जुनंच भांडं वापरत ठेवलं. आपल्याकडे राज्य इंग्रजांचं, म्हणून नवा गॅलन आला. मोटार स्टँडवर पेट्रोल त्यानंच मोजलं गेलं असणार. १९५६ मध्ये आपल्याकडे वजनमापांचा कायदा झाला, त्यानंतर लिटर हळूहळू रुळला आणि गॅलन जुन्या माणसांच्या तोंडी तेवढा उरला. तर भाऊजी आणि लेक यांच्यात अंतर आहे ते पाऊण लिटरचं. त्यातही मोबाइलला नुसतं 'गॅलन' विचारलं तर तो त्याच्या मनानं एक कुठला तरी धरतो. अमेरिकन की ब्रिटिश, ते वाचल्याशिवाय उत्तर भाऊजींना दाखवू नका, वाद आणखी दोन आठवडे चालेल.

अमेरिकन मापांची उतरंड आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही. गॅलनचे चार क्वार्ट, क्वार्टचे दोन पाइंट, पाइंटचे दोन कप. आपल्या आज्यांकडे दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली होतीच की. दुप्पट करत वर जायचं, निम्मं करत खाली यायचं, दशमान पद्धतीच्या आधीची बरीच मापं अशीच. लक्षात ठेवायला एकच आकडा पुरे. क्वार्ट म्हणजे ९४६ मिलिलिटर, आपल्या लिटरपेक्षा जेमतेम अर्धी वाटी कमी. त्याचा चौथा भाग कप, २३७ मिली. कपाचे सोळा टेबलस्पून, तो १५ मिलीचा, आणि टेबलस्पूनचे तीन टीस्पून, पाच-पाच मिलीचे. दुधाच्या भाषेत सांगायचं तर अमेरिकन गॅलन म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेसात पिशव्या.

आता केकचा पंचनामा.

तुमचं पत्र वाचून मी माझा चहाचा कप काट्यावर ठेवला, काटा शून्य केला आणि काठोकाठ पाणी भरलं. १४० ग्रॅम भरलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, म्हणून कप १४० मिलीचा. तुमचाही फार वेगळा नसेल. म्हणजे कृतीत ३५५ मिली मैदा हवा होता तिथे २१० पडला, जेमतेम साठ टक्के. साखरेचं तेच. लोणी मात्र जवळजवळ पूर्ण, कारण अमेरिकेतली स्टिक ११३ ग्रॅमची असते आणि तुम्ही शंभर टाकलं. अंदाजानं टाकलेली तीच एक गोष्ट बरोबर निघाली! अंडी पूर्ण दोन. बेकिंग पावडर तुम्ही पोह्याच्या चमच्यानं घेतली असणार, आणि आपल्या सवयीनं शीग लावून. माझ्या घरचा पोह्याचा चमचा सपाट भरला तरी आठ मिली होतो. दीड चमचा म्हणजे बारा मिली, शीग वेगळी, आणि हवी होती साडेसात. एवढ्याशा मैद्यात इतकी पावडर पडल्यावर केक फुगणारच, आणि धरून ठेवायला मैदा नाही म्हणून बसणारही. सुटलं ते तूप म्हणजे मैद्यात न मावलेलं लोणी. आणि ओव्हन! ते ३५० फॅरनहाइटमधले, आपल्याकडचे १७५ ते १८० सेल्सिअस. तुम्ही २५० वर ठेवलात म्हणजे त्यांच्या हिशेबानं जवळपास ४८० डिग्री. वरून करपून आत कच्चा राहिला यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

एक गोष्ट यातून नीट बघा. तुमचा कप लहान होता म्हणून केक बिघडला नाही. मैदा, साखर, रस, लोणी, अंडी, पावडर सगळंच साठ टक्के पडलं असतं आणि ओव्हन १८० वर असता तर लहानसा पण चांगला केक झाला असता. बिघडला तो अर्धी कृती तुमच्या कपानं आणि अर्धी बाजारातल्या पाकिटानं मोजली म्हणून. तेव्हा 'सगळं लिटर-ग्रॅममध्ये करून द्या' हे तुमचं म्हणणं मी मानणार नाही. सगळं करायची गरजच नाही. पदार्थात जे आपण एकाच भांड्यानं घेतो, त्याला ते भांडं ह्यूस्टनचं की इतवारीतलं, काही कळत नाही. बदलून घ्यावं लागतं ते फक्त जे मोजूनमापून बाहेरून येतं ते. अंडं, पाकीट, केकचं भांडं, ओव्हनचा आकडा आणि औषध. औषधाचं पुढे सांगते, तिथे मी थट्टा करणार नाही.

केकमध्ये अंडी आणि लोणी दोन्ही आहेत, म्हणून हा बदलून घ्या. मैदा १८० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम. लोणी शंभरचं पाकीट आणि वर एक टेबलस्पून, तेवढ्यात ११३-११४ होतात. अंडी दोनच. रस १२० मिली, बेकिंग पावडर दीड टीस्पून, म्हणजे पाच मिलीचा चमचा एकदा आणि अर्धा, वरून सुरी फिरवून सपाट. अमेरिकेतल्या कृतीत चमचा आणि कप नेहमी सपाट धरतात, शीग हा आपला उदारपणा आहे. मैदा वजनानंच घ्या. कप पिठात खुपसून भरला तर तोच कप दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, चमच्यानं अलगद भरला तर १२०. मापात फरक नाही, तरी पिठात पाव भागाचा फरक! अमेरिकेतल्या बायकाही या कपापायी फसतात, लेकीला विचारून बघा.

रसासाठी डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतीलच, दोन-तीन पुरतील. साल किसून घालणार असाल तर संत्रं सोलायच्या आधी किसा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, एकदा निघाली की किसणीवर धरता येत नाही. आणि केशरी भाग तेवढाच घ्या, आपल्या सालीचा पांढरा भाग कडू लागतो. केकचं भांडं लेकीनं नऊ इंची सांगितलं तर ते २३ सेंटिमीटरचं, आठ इंची म्हणजे २०. एका इंचानं काय होतं असं वाटेल, पण गोल भांड्यात आठाचे नऊ झाले की तळ सव्वापट होतो आणि केक पातळ पडून लवकर भाजला जातो.

रोजच्यासाठी एक करा. तुमची आमटीची वाटी, जी हाताला सवयीची आहे, ती काट्यावर ठेवून पाण्यानं मोजा आणि आकडा तिच्या बुडाला मार्करनं लिहा. समजा १६० आला, तर दीड वाटी म्हणजे एक अमेरिकन कप. १२० आला तर दोन वाट्या. झालं, आयुष्यभराचं गणित संपलं. मापाचे तयार कप घ्यायचे तर सीताबर्डीवर भांड्यांच्या दुकानांत मिळतात, फक्त बुडावरचा आकडा वाचा. काहींवर २४० असतो, काहींवर २५०. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरचा कपही २४० चाच धरतात, म्हणून तो घेतलात तर बरं. २५० चा घेतलात तरी केक रागावणार नाही, पाच-सहा टक्क्यांचा फरक आहे. मात्र भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर जो प्लॅस्टिकचा कप येतो, तो १८० मिलीचा असतो. तो या मापांत मिसळू देऊ नका. आणि व्हिडिओ बघून करायची सवय असेल तर बाई ऑस्ट्रेलियाची आहे का तेवढं पाहा. त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा.

औंसाची एक खोच आहे. नुसता औंस म्हणजे वजन, २८.३५ ग्रॅम. फ्लुइड औंस म्हणजे आकारमान, अमेरिकेतला २९.६ मिली. रसात, दुधात दोन्ही जवळपास सारखे येतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण मध घ्या. आठ फ्लुइड औंस म्हणजे एक कप, आणि एक कप मध ३४० ग्रॅमच्या आसपास भरतो. आठ औंस मध म्हणजे मात्र २२७ ग्रॅम. पातळ पदार्थापुढे औंस दिसला तर लेकीला फोन करून विचारा, 'वजनाचा की मापाचा?' ब्रिटिश फ्लुइड औंस पुन्हा निराळा, २८.४ चा. म्हणजे गॅलन त्यांचा मोठा आणि औंस लहान, कारण त्यांच्या पाइंटमध्ये वीस औंस असतात आणि अमेरिकेच्या सोळा. भाऊजींना ही माहिती जेवण झाल्यावर द्या.

आता औषध. इथे अंदाज, वाटी, पोह्याचा चमचा, काही चालत नाही.

आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. औषध एकच. पण तिथल्या मुलांच्या सिरपमध्ये साधारणपणे पाच मिलीत १६० मिलिग्रॅम असतं. आपल्याकडे पाच मिलीत १२० किंवा १२५ चं मिळतं, आणि २५० चंही मिळतं. बाटल्या शेजारी ठेवल्या तर रंगही सारखा दिसेल. लेकीच्या डोक्यात बसलेलं असेल की 'याला एक चमचा द्यायचा', आणि तिची बाटली संपल्यावर तुम्ही इथली आणून तोच एक चमचा दिलात, तर कधी औषध कमी पडेल, कधी दीडपटीहून जास्त जाईल. आपल्याकडची थेंबांची बाटली तर त्याहून कितीतरी तीव्र असते, तिचा आणि सिरपचा चमचा कधीच एक नाही. म्हणून मिली किती ते विचारण्याआधी 'पाच मिलीत किती मिलिग्रॅम' हे बाटलीवर वाचायचं. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. लेक आली की पहिल्याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नातवाला एकदा नेऊन आणा, दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवा आणि 'ही असेल तर किती मिली, ती असेल तर किती मिली' हे कागदावर लिहून घ्या. कागद फ्रिजवर लावा. अमेरिकेत वजन पौंडांत सांगतात, म्हणून लेक 'छत्तीस' म्हणाली तर घाबरू नका, ते १६ किलो होतात. पण डॉक्टरांना किलोच सांगा.

द्यायचं ते बाटलीबरोबरच्या टोपणानं किंवा मिलीच्या खुणा असलेल्या सिरिंजनं. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये हेच सांगितलं, की मुलांचं पातळ औषध फक्त मिलीत लिहा आणि मिलीत मोजा, चमचे सोडा. टीस्पून आणि टेबलस्पून इंग्रजीत आखूड करून लिहिले की एका अक्षराचा फरक उरतो आणि औषध तिप्पट होतं. जो देश दूध अजून गॅलननं विकतो, त्यानंही इथे मिली धरला आहे.

कुकरचं थोडक्यात. सहा क्वार्ट म्हणजे ५.७ लिटर, तुमच्या पाच लिटरच्या कुकरपेक्षा थोडा मोठा. पण आणू नको म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला कुकर इथे सरळ प्लगमध्ये लावला तर तापणारी तार जवळपास पावणेचारपट वीज ओढू पाहते आणि कुकर पहिल्याच वरणाला जातो. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हजार वॉटचा म्हणजे कुकरइतकाच जड. तसलाच कुकर इथे लिटरच्या आकड्यासह मिळतो. बॅगेतली ती जागा जाताना सांडगे-पापडांना कामी येईल.

राहिला गोळाभात. त्याला कप लागतच नाही. एक वाटी तांदळाला पाऊण वाटी डाळीचा भरडा असं तुमच्याकडे असेल तर तसंच लिहून पाठवा आणि पुढे लिहा, 'वाटी कुठलीही चालेल, दोन्हीला एकच.' फोडणीच्या तेलाचंही वाटीतच सांगा. तेलाचा आकडा वाचून ती दचकेल, दचकू द्या. हळद, तिखट, ओवा यांना टीस्पून लिहा, कारण तो तिच्याकडे हमखास आहे. अडतं ते एकाच ठिकाणी. भरडा भिजवायला पाणी किती? तुम्ही लिहाल 'गोळा वळेल इतपत', आणि ती पुन्हा फोन करून विचारेल की म्हणजे किती कप. तुम्हालाही ते ठाऊक नाही, मलाही माझ्या हाताचं ठाऊक नव्हतं. डिसेंबरात परातीत तिलाच हात घालायला लावा, आणि तुम्ही बाजूला औषधाचं ते मिलीच्या खुणांचं टोपण घेऊन बसा. ती 'बास' म्हणेपर्यंत एकेक टोपण ओतत जा अन् मोजा. टोपण आधी धुऊन घ्या.